जग बुडाल्यानंतरचा राक्षस, भाग तिसरा

ज्या चित्रपटाच्या नावापुढे '२' किंवा '३' असा आकडा असतो, ज्यात जग केव्हाच बुडालेले असते, माणसे जेमतेम दहा-बारा उरलेली असतात आणि त्यांतील निम्मी मध्यंतरापूर्वीच राक्षसाच्या पोटात जातात, असा चित्रपट आम्हांला आवडतो. मुख्याध्यापकाने शाळेच्या वार्तापत्रात हे लिहावे काय, असा प्रश्न काही पालकांच्या मनात येईल. आमच्या मते लिहावे. यंदा स्नेहसंमेलनाच्या निमित्ताने आपल्या शाळेत जो वाद झाला तो याच जातीच्या एका कथेवरून झाला. त्या वादात आमचे मत काय, हे सांगण्यापूर्वी ही कथेची जात काय आहे ते पाहिले पाहिजे.

ती ओळखायला फार कष्ट पडत नाहीत. राक्षस पाठमोरा झाला की पाठीवरची चेन दिसते. एकच टेकडी तीन वेळा तीन निरनिराळे देश म्हणून येते. जग बुडून वीस वर्षे लोटलेली असतात, तरी नायकाची दाढी व्यवस्थित कोरलेली असते. शास्त्रज्ञ म्हणून जो गृहस्थ येतो त्याच्या अंगावर पांढरा कोट असतो, आणि तो कोट चढवल्याखेरीज त्याला विज्ञान सुचत नाही. शेवटी राक्षस मरतो, सगळे सुटकेचा श्वास घेतात, आणि अगदी अखेरच्या क्षणी चिखलातून एक नख हलते. प्रेक्षकाला कळते की पुढच्या वर्षी पुन्हा तिकीट काढायचे आहे.

या कथा जगबुडीनंतरच का घडतात, याचे उत्तर तत्त्वज्ञानात नाही, जमाखर्चाच्या वहीत आहे. जग संपले असे एकदा सांगितले की निर्मात्याचा निम्मा खर्च वाचतो. गर्दी नको, दिवे नकोत, मोठमोठ्या इमारती नकोत, कपडे तर फाटकेच हवेत. एखादी बंद पडलेली दगडाची खाण, चार गंजक्या मोटारी आणि धूर एवढ्यावर भागते. ऑस्ट्रेलियात १९७९ साली थोड्या पैशांत काढलेल्या 'मॅड मॅक्स'चा दुसरा भाग १९८१ मध्ये वाळवंटात घडला आणि गाजला. लगेच पुढच्या दोन वर्षांत इटलीतल्या निर्मात्यांनी त्याच्या नकला काढायला सुरुवात केली, कारण उजाड माळ त्यांच्याकडेही होता.

'प्लॅनेट ऑफ द एप्स'चे उदाहरण तर गणिताच्या तासाला घ्यावे असे आहे. १९६८ सालच्या पहिल्या चित्रपटाला सुमारे ५८ लाख डॉलर खर्च आला. १९७३ पर्यंत त्याचे आणखी चार भाग निघाले आणि पैसा आटत गेला. पाचव्याच्या वाट्याला पहिल्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास रक्कम आली. दुसऱ्या भागातच मागच्या रांगांतल्या वानरांना पूर्ण रंगभूषा परवडेना, म्हणून नुसते मुखवटे चढवून त्यांना उभे केले होते. पाचव्या भागातले माणसे आणि वानरे यांचे महायुद्ध पाहताना दोन वाड्यांमधली बांधावरची मारामारी आठवते. तरीही मुले पाचही भाग पाहत राहिली. मुखवटा मुखवटाच आहे हे त्यांना दिसत होते, आणि त्यामुळे त्यांचे काही बिघडत नव्हते.

आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे या जातीशी आमची पहिली ओळख रामसे बंधूंच्या हिंदी चित्रपटांतून झाली. १९७२ सालच्या 'दो गज ज़मीन के नीचे'पासून त्यांनी घरच्या घरी हा धंदा उभा केला. एक भाऊ दिग्दर्शन करी, दुसरा कॅमेरा धरी, तिसरा ध्वनी पाही, आणि सगळे कुटुंब चित्रीकरणाला सोबत निघे. १९८४ साली त्यांचा 'पुराना मंदिर' आला. त्यातला सामरी नावाचा राक्षस साकारणारे अनिरुद्ध अग्रवाल हे शिक्षणाने अभियंता, आणि उंची अशी की वेगळा मुखवटा न चढवताही समोरच्याने दोन पावले मागे सरावे. चित्रपट धो धो चालला. लागलीच १९८५ मध्ये 'सामरी' आला, तोही डोळ्यांना चष्मा लावून पाहायचा त्रिमिती. राक्षसाचे नाव तेच, नट तोच, कथा मात्र साफ वेगळी! मागच्या भागात काय झाले याचा पुढच्या भागाशी काही संबंध असावाच, असा आग्रह प्रेक्षकांनीही धरला नाही. या चित्रपटांतला पुष्कळसा भाग मुलांना दाखवण्याजोगा नव्हता आणि आजही नाही. त्याचे समर्थन आम्ही करणार नाही. स्वस्तात काढलेला आणि हलका, या दोन गोष्टी निराळ्या आहेत, आणि रामसे बंधूंच्या पडद्यावर त्या दोन्ही शेजारी शेजारी नांदत होत्या.

मराठीत हा मान तात्या विंचूचा. महेश कोठारे यांचा 'झपाटलेला' १९९३ साली आला. बाहुल्यात शिरलेल्या खुन्याची मूळ कल्पना १९८८ च्या 'चाइल्ड्स प्ले' या अमेरिकन चित्रपटातली, पण आपल्याकडे आल्यावर तो बाहुला थेट गावात शिरला, पोलीस ठाण्यात शिरला आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या मांडीवर बसला. बाहुला रामदास पाध्ये यांनी बनवला आणि हलवला, आणि तात्या झाले दिलीप प्रभावळकर. ज्या पाध्ये कुटुंबाने मराठी घराघरांत अर्धवटराव पोहोचवला त्याच कुटुंबाच्या हातातून हा खलनायक निघाला. तात्या मरतो तो दोन भुवयांच्या मधोमध गोळी लागून. तो पुन्हा येणार हे पाहणाऱ्याला तेव्हाच ठाऊक होते. त्याला यायला वीस वर्षे लागली एवढेच. २०१३ साली 'झपाटलेला २' आला, त्रिमितीत. लक्ष्मीकांत बेर्डे २००४ मध्येच गेले होते. ज्यांनी पहिला भाग शाळकरी वयात पाहिला होता ते आपल्या मुलांना घेऊन दुसऱ्याला गेले. दुसरा भाग पहिल्याइतका चांगला नव्हता, हे आम्ही मोकळेपणाने म्हणतो. पण पहिल्या भागातला बाहुला निव्वळ बाहुलाच आहे, त्याचे ओठ कोणीतरी खालून ओढतो आहे, हे पाचवीतल्या मुलालाही कळते आणि तरी रात्री ते मूल माळ्यावर एकटे जात नाही. असा दुहेरी अनुभव पाठ्यपुस्तकातून देणे आम्हांला अजून जमलेले नाही.

जपानी गॉडझिलाचे नाव मुलांना आजही ठाऊक असते, पण तो का जन्मला ते सहसा ठाऊक नसते. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरातील बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी घेतली. तिची राख एका जपानी मासेमारी होडीवर पडली आणि होडीवरचे २३ खलाशी आजारी पडले. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला पहिला 'गॉडझिला' पडद्यावर आला. अणुस्फोटाने समुद्रतळातून उठवलेला प्राणी, आणि त्याच्या पायाखाली टोकियो. प्राणी म्हणजे शंभर किलोच्या घरातला रबरी पोशाख, आत हारुओ नाकाजिमा नावाचा नट घामाने निथळत चालतो आहे, आणि टोकियो म्हणजे गुडघ्याएवढी खेळण्यातली घरे. पाहणाऱ्यांना हे सगळे दिसत होते. पण होडीवर पडलेली राखही त्यांच्या लक्षात होती. पुढे भाग वाढले, पैसा कमी झाला. १९६९ च्या एका भागात तर पूर्वीच्या चित्रपटांतल्या मारामाऱ्या कापून पुन्हा चिकटवल्या आहेत. परंतु त्या भागाचा नायक कोण? आईवडील दोघेही कामावर जातात म्हणून घरी एकटा राहणारा, मोठ्या मुलांचा मार खाणारा, कारखान्यांच्या धुरातल्या वस्तीतला एक शाळकरी मुलगा. तो स्वप्नात राक्षसांच्या बेटावर जातो. शिळ्या मारामाऱ्या चिकटवलेला हा चित्रपट आमच्या दृष्टीने त्या मालिकेतला सर्वांत प्रामाणिक आहे.

आता घरच्या गोष्टीकडे येऊ. 'भाग दुसरा' ही कल्पना परदेशातून आली असे कोणी समजू नये. वैकुंठाचे द्वारपाल जय आणि विजय शापाने पृथ्वीवर आले. ते आधी हिरण्याक्ष आणि हिरण्यकशिपू झाले, मग रावण आणि कुंभकर्ण, मग शिशुपाल आणि दंतवक्र. नट तेच दोन, पोशाख बदललेले, आणि प्रत्येक भागात मारणारा एकच. तीन भागांची याहून चोख मालिका आम्ही तरी पाहिलेली नाही.

आणि गोव्यात तर नरकासुर आहे. श्रीकृष्णाने त्याला एकदाच मारले. आपण मात्र दर दिवाळीला त्याला पुन्हा उभा करतो, रात्रभर मिरवतो आणि पहाटे जाळतो. घरी आल्यावर अंगणात डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडतो, म्हणजे तोच राक्षस पुन्हा एकदा, या खेपेस लिंबाएवढा. पूर्वी पेडण्या-डिचोलीच्या वाड्यावाड्यांवर मुले बांबू, गवत, रद्दी आणि खळ एवढ्यावर नरकासुर करत. एक हात लांब, एक आखूड. डोळे तिरळे. आज स्पर्धांसाठी वर्गणी लागते, लोखंडी सांगाडा वेल्डिंग करून घ्यावा लागतो, ध्वनिक्षेपक भाड्याने येतो, आणि पहाटे जळून उरलेला सांगाडा रस्त्याकडेला पडून राहतो. काही मंडळांची कारागिरी खरोखर थक्क करणारी आहे, हे नाकारता येणार नाही. परंतु राक्षसाची उंची वाढत गेली तसतशी त्याच्याभोवतीची लहान मुले कमी होत गेली. ती आता नरकासुर करत नाहीत, रस्त्याच्या कडेला उभी राहून मोबाईलवर त्याचे चित्रण करतात.

दशावतार तर या विषयाचे माहेरघरच. पेडणे महाल अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत सावंतवाडीकरांकडे होता, आणि तेरेखोल नदी ओलांडून जत्रांचे नाटक अलीकडे-पलीकडे जाण्यात सरहद्दीने कधी अडथळा आणला नाही. आडदशावतारात गणपती येतो, रिद्धी-सिद्धी येतात, सरस्वती येते, ब्रह्मदेव येतो, आणि मग येतो संकासुर. काळा झगा, काळा बुरखा, डोळ्यांभोवती पांढऱ्या रेघा, बाहेर लोंबणारी लाल जीभ. तो ब्रह्मदेवाचे वेद पळवतो. आता ही गोष्ट घडते केव्हा? मत्स्यावताराच्या वेळी. जग पाण्याखाली, एका नावेत मनू, सप्तर्षी आणि थोडे बियाणे, आणि समुद्रात दडलेला राक्षस. हॉलिवूडच्या निर्मात्याने सांगितली असती तर आपण तिला नव्या धर्तीची कथा म्हटले असते.

आणि खर्च? एक बाकडे. तेच सिंहासन, तेच अरण्य, तोच रथ, तोच कैलास. पायपेटी, मृदंग, झांज. संहिता लिहिलेली नसते. आख्यान कोणते ते ठरते, कोणी काय व्हायचे ते ठरते, बाकी संवाद उभ्या उभ्या सुचतात. पोशाखाचा पेटारा डोक्यावर घेऊन ही मंडळी गावोगाव चालत गेली. संकासुर मालवणीत बोलतो, गावातल्या प्रतिष्ठितांची थट्टा करतो, भटजीला छेडतो, आणि पोरे आधी आजीच्या पदराआड लपतात, नंतर हळूहळू पुढच्या रांगेत सरकतात. पहाटे दहीकाला झाल्यावर हाच संकासुर बुरखा मानेवर टाकून रंगपटाबाहेर चहा पिताना दिसतो. हे दृश्य ज्याने लहानपणी पाहिले त्याला राक्षसाची भीती आणि राक्षसाची गंमत या दोन्ही गोष्टी एकाच रात्रीत मिळाल्या. अलीकडे फलकांवर 'ट्रिकसीनयुक्त' असा शब्द दिसतो. देव दोरीवरून खाली येतात, नाग फूत्कार टाकतात, धूर निघतो. लोकांना ते आवडते आणि आम्हांलाही आवडते, विशेषतः दोरी दिसते तेव्हा! २०२५ साली आलेल्या 'दशावतार' या चित्रपटात दिलीप प्रभावळकर वयाच्या ऐंशीनंतर दशावतारी कलावंत म्हणून उभे राहिले. त्या चित्रपटातही कोकणातला डोंगर आणि त्यावर आलेली खाण हा विषय आहे, हे आपल्या भागातल्या प्रेक्षकांच्या नजरेतून सुटले नसेल.

खाण म्हटली की आपल्या शाळेचा वाद आलाच.

सातवीच्या मुलांनी गेल्या वर्षी, म्हणजे सहावीत असताना, बालसभेत एक नाटुकले केले. जग बुडाले आहे, सगळीकडे लाल माती आहे, आणि पाण्याने भरलेल्या खाणीच्या खंदकातून एक राक्षस वर येतो. यंदा पावसाळ्यात त्यांनी त्याचा दुसरा भाग केला. राक्षसाचे अंग खताच्या पोत्यांचे, केस माडाच्या चुडतांचे, डोळे म्हणजे लाल कागद लावलेल्या दोन बॅटऱ्या, दात पुठ्ठ्याचे. ऐन लढाईत एक दात गळून पडला. राक्षसाने शांतपणे वाकून तो उचलला, खिशात ठेवला आणि गर्जना पुढे चालू केली. सभागृहात एवढा हशा आम्ही बऱ्याच वर्षांत ऐकला नव्हता. मुलांना आता डिसेंबरच्या स्नेहसंमेलनात तिसरा भाग करायचा आहे.

पालक सभेत यावर तीन आक्षेप आले. पहिला असा की हे थिल्लर आहे, संमेलनाला पाहुणे येतात, त्यापेक्षा बाहेरचा नृत्यदिग्दर्शक आणावा, पोशाख भाड्याने आणावेत, म्हणजे कार्यक्रम दिसायला चांगला होईल. दुसरा, पहिली-दुसरीची मुले घाबरतात. तिसरा आक्षेप एका पालकाने सभा संपल्यावर आम्हांला बाजूला घेऊन सांगितला आणि तोच आम्हांला सर्वांत जड वाटला. ते खाण व्यवसायातले. सप्टेंबर २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी बंद झाल्या, २०१५ च्या सुमारास थोड्या सुरू झाल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. त्यांचा टिप्पर त्या काळात दारात उभा राहून गंजला, हप्ते मात्र उभे राहिले नाहीत. पुढे लिलाव होऊन डिचोलीच्या पट्ट्यात काम पुन्हा सुरू झाले ते २०२४ साली, पण तोवर त्यांचा टिप्पर भंगारात गेला होता. मुलांनी रंगमंचावर गंजका टिप्पर उभा करावा आणि लोकांनी त्यावर हसावे, हे त्यांना सहन झाले नाही.

पहिल्या आक्षेपाला आमचे उत्तर सरळ आहे. भाड्याच्या पोशाखात आमची मुले सुंदर दिसतील यात शंका नाही, पण त्या दिवशी ती दुसऱ्याने बसवलेल्या हालचाली करतील आणि पोशाख दुसऱ्या दिवशी परत जाईल. पोत्यांचा राक्षस करताना या मुलांनी पोते कापण्यापूर्वी कागदावर माप घेतले, ते दोनदा चुकले, बॅटरीचा सेल उतरल्यावर दुसरी जोडणी केली, आणि आधीच्या भागात बुडालेला राक्षस कोणत्या कारणाने वाचला असेल यावर दोन दिवस तावातावाने वाद घातला. कथेचा पुढचा भाग लिहिणे ही सोपी गोष्ट नाही. मागे काय सांगून ठेवले आहे ते लक्षात ठेवावे लागते, आणि रामसे बंधूंप्रमाणे ते विसरायचे असेल तरी ठरवून विसरावे लागते. यंदा सातवीचे निबंध गेल्या वर्षीपेक्षा बरे आले. त्याचे सगळे श्रेय आम्ही राक्षसाला देत नाही, थोडे देतो.

लहान मुलांच्या भीतीचा आक्षेप खरा आहे. तो आम्ही मान्य करून उपाय ठरवला आहे. प्रयोगाच्या आदल्या दिवशी पहिली-दुसरीच्या वर्गासमोर राक्षस आपला पोशाख चढवील. आधी मुलगा, मग पोती, मग चुडते, मग दात. ज्याला दाताला हात लावून पाहायचा असेल त्याने पाहावे. आज ही मुले मोबाईलवर संगणकाने रचलेली अशी भयंकर प्राण्यांची दृश्ये पाहतात की ज्यांत कुठेही चेन दिसत नाही, दोरी दिसत नाही, आत कोण आहे ते कधीच कळत नाही. आणि ती पाहतात एकटी, पांघरुणात. त्या भीतीबद्दल आमच्याकडे एकाही पालकाची तक्रार आलेली नाही. पोत्यांच्या राक्षसाबद्दल चार आल्या.

तिसऱ्या आक्षेपाबद्दल मात्र आम्ही बरेच दिवस विचार केला, आणि मुलांशीही बोललो. मुलांना हे लाल खंदक कुठून सुचले हे विचारण्याची गरजच नव्हती. मये, शिरगाव, मुळगाव, पिळगाव या बाजूने येणाऱ्या मुलांनी ते रोज पाहिले आहेत. पाणी साचलेले, हिरवट, काठावर जाऊ नका असे घरून सतत बजावलेले. पेडण्याच्या बाजूने येणाऱ्या मुलांनी मोपाचे पठार कापताना पाहिले. तिथल्या विमानतळावरून जानेवारी २०२३ पासून विमाने उडू लागली, आणि जुन्या पठाराची आठवण असलेली कदाचित ही शेवटची पिढी. जगबुडीनंतरची भूमी कशी दिसते हे कल्पनेने रंगवण्यासाठी परदेशी निर्मात्यांना बंद खाणी शोधाव्या लागतात. आमच्या मुलांना ती शाळेच्या बसमधून दिसते. खाणीवर जगलेली घरे आणि खाणीमुळे विहीर आटलेली घरे, दोन्हींतली मुले आमच्या एकाच बाकावर बसतात. त्यांच्यात या विषयावर घरी जे बोलले जाते ते वर्गात बोलले तर भांडण होईल. राक्षसाच्या निमित्ताने ती एकत्र बसून हेच बोलली आणि भांडण झाले नाही. मोठ्यांना ग्रामसभेत हे साधलेले आम्ही पाहिलेले नाही.

आणखी एक गोष्ट त्या पालकांपर्यंत पोहोचली नव्हती. त्यांनी प्रयोग पाहिला नव्हता, नुसता ऐकला होता. नाटुकल्यात हशा येतो तो राक्षसाच्या दातावर, टिप्परवर नाही. टिप्पर ही उरलेल्या माणसांची राहण्याची जागा आहे. राक्षसाला त्यात शिरता येत नाही, कारण तो लोखंडाचा आहे. रात्री सगळे टिप्परच्या हौद्यात झोपतात आणि एक मुलगी केबिनमध्ये जागी राहून पहारा करते. हे आम्ही त्या पालकांना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. त्यांचे समाधान झाले असे आम्ही म्हणणार नाही. ते म्हणाले की मुलांच्या मनात वाईट नसेल, तरी आपल्याला ते पाहवणार नाही. त्यांच्या या म्हणण्याचा आम्ही मान राखतो. ज्याचे नुकसान झाले आहे त्याने त्यावरची गंमत सहन केलीच पाहिजे असा नियम नाही.

तरीही तिसरा भाग होईल, असे आम्ही ठरवले आहे. टिप्परवर कोणाचाही क्रमांक किंवा गावाचे नाव रंगवायचे नाही. संहिता वर्गशिक्षिका आधी वाचतील, पण राक्षसाची एकही गर्जना कापणार नाहीत. त्या पालकांना हवे असल्यास रंगीत तालमीला यावे, नको असल्यास येऊ नये, त्यांच्या मुलीवर त्याचा काहीही परिणाम होणार नाही. केबिनमध्ये पहारा करणारी मुलगी तीच आहे, हे त्यांना तिने अजून सांगितले नसेल तर ते सांगणे तिच्याकडे आहे, म्हणून आम्ही त्यांना तसे बोललो नव्हतो. आता तिने स्वतःच हे वार्तापत्रात लिहा असे सांगितल्यामुळे लिहीत आहोत.

राहता राहिली सामानाची गोष्ट. तिसऱ्या भागात राक्षस दोन आहेत, असे कळते. त्यासाठी खताची किंवा तांदळाची रिकामी पोती, जुन्या काळ्या चादरी आणि चालू स्थितीतली एक बॅटरी हवी आहे. पोती धुऊन, वाळवून पाठवावीत. मागच्या खेपेस एका पोत्यात उरलेल्या युरियामुळे राक्षसाला दोन दिवस खाज सुटली होती. थर्माकोल आणू नये, बाजारातला तयार मुखवटा तर मुळीच आणू नये. ज्यांच्या घरी कोणी दशावतारात काम केले असेल त्यांनी एखाद्या शनिवारी येऊन संकासुराची चाल मुलांना दाखवावी, आम्ही आभारी राहू. दुसऱ्या भागातला तो गळलेला दात सातवीच्या कपाटात ठेवलेला आहे. तो पुन्हा त्याच राक्षसाला लावायचा की नव्या राक्षसाला द्यायचा, यावर वर्गात अजून एकमत झालेले नाही.